रिपोर्ट चांगला आला, मग गोळी कशाला?

प्रश्न: मी 41 वर्षांची, झेडपीच्या शाळेत शिक्षिका. चार वर्षांपूर्वी सीएमएल, म्हणजे रक्ताचा कर्करोग निघाला. तेव्हापासून रोज इमॅटिनिब 400 चालू आहे. परवा बीसीआर-एबीएल, म्हणजे या आजाराच्या जनुकाचं रक्तातलं प्रमाण, 0.02 टक्के आलं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही रेमिशनमध्ये आहात, म्हणजे आजार आटोक्यात आहे. घरात पेढे आले. सासूबाई म्हणतात, आजार गेला तर ही उष्ण औषधं कशाला? यांचंही तेच म्हणणं, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) तर कधीची नॉर्मल आहे. रात्री पायात गोळे येतात म्हणून हल्ली आठवड्यातून दोनदा मी गोळी चुकवते. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. मी बरी झाले की नाही?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, 0.02 हा आकडा पेढे वाटण्यासारखाच आहे. पण पत्राच्या शेवटी हळूच लिहिलेल्या त्या दोन चुकवलेल्या गोळ्यांनी मला काळजी लागली.

आधी तुमच्या यजमानांच्या सीबीसीच्या मुद्द्याबद्दल. ती नॉर्मल होते ती सगळ्यात आधी, बहुतेकांची पहिल्या तीन महिन्यांतच. त्यानंतरही आजाराच्या पेशी लाखोंनी शिल्लक असू शकतात, म्हणून बीसीआर-एबीएलची पीसीआर तपासणी करतात. ती 0.1 टक्क्याच्या खाली आली की चांगलं रेमिशन. तुम्ही तिथे पोचलात. त्याच्याही खाली 0.01 ची पायरी आहे, तिथे अजून पोचायचंय. मुळाच्या काही पेशी अस्थिमज्जेत दबा धरून राहतात. इमॅटिनिब त्यांना दाबून ठेवतं, सहसा मारून टाकत नाही. त्यामुळे आजार गेलाय असं मी म्हणणार नाही. तो आहे आणि तुमच्या गोळीच्या धाकात आहे.

गोळी कधीच थांबत नाही, असंही नाही. फ्रान्समध्ये ज्यांच्या रक्तात किमान दोन वर्षं आजाराचा मागमूस नव्हता, अशांची गोळी थांबवून पाहिली. 2010 मध्ये निकाल आले: वर्षभरात निम्म्याहून जास्त जणांत आजार परत दिसला, बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच. दर महिन्याला तपासणी होत होती म्हणून तो लगेच पकडला गेला आणि गोळी सुरू करून आवरता आला. ते थांबणं ठरवून होतं. तुमचं चाललंय ते वेगळंच.

आठवड्याला दोन म्हणजे महिन्याला आठ-नऊ गोळ्या. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या रुग्णांच्या अभ्यासात, दहातली एखादी गोळी चुकवणाऱ्यांनाही खोल रेमिशन क्वचितच मिळालेलं दिसलं. शिवाय उद्या आकडा वर गेला तर डॉक्टरांना वाटणार, औषध लागू पडत नाही. ते औषध बदलतील आणि खरं कारण तुमच्या कपाटातच राहील.

पायात गोळे येणं हा या औषधाचा नेहमीचाच त्रास आहे. सोसत बसायची गरज नाही. डॉक्टर कॅल्शियम, मॅग्नेशियम तपासतील, काही देतील, वेळ पडली तर डोस किंवा औषध बदलतील. पण तो निर्णय त्यांनी घ्यायचा. आणि उष्णतेवर म्हणून कुणी काढा सुचवला तर त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. काही वनस्पतींमुळे इमॅटिनिबचं रक्तातलं प्रमाण बदलतं.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांची बीपीची गोळी असेलच (या वयात नसली तर मलाच नवल वाटेल). बीपी 120 वर आलं म्हणून त्या ती सोडतात का, एवढंच विचारा. यांना मात्र घरी समजावत बसू नका. पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि गोळी कधी थांबवता येईल, हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. पुरुषमाणसाला बायकोपेक्षा डॉक्टरांचं लवकर पटतं, काय करणार!

बरी झालात का? शाळा, घर, सगळं करताय. औषध नीट लागू पडलेल्या सीएमएलच्या रुग्णांचं आयुष्य आता जवळपास इतरांइतकंच असतं. कुणी विचारलं तर ‘आजार आटोक्यात आहे, गोळी चालू आहे’ एवढं सांगा. आजची गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर, पेलाभर पाण्यासोबत घ्या. आणि महिन्याभरात किती चुकल्या ते कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. ते रागावतील बहुधा. रागावू दे.