साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन ऐन उन्हाळ्यात खानदेशात गावी राहायला जावं का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा साडेतीन वर्षांचा, सासर शिंदखेडा तालुक्यातलं, घरी सासू-सासरे आणि ऐंशी ओलांडलेल्या आजेसासूबाई. त्यांचं म्हणणं, यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्यांनी या आणि महिनाभर राहा. तुम्हाला भीती ४४-४५ अंशांच्या उन्हाची. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘इतक्या माणसांत मला जमेल का?’ ती भीतीही मला कळते.

मी अमळनेर तालुक्यातली, लग्नानंतर चिंचवडला असते. लेक दोन वर्षांची होती तेव्हापासून, गेली पाच वर्षं, दर उन्हाळ्यात तिला माहेरी नेते. माहेरी आई-नाना, भाऊ-वहिनी, त्यांची दोन मुलं आणि माझी आजी, जिला आम्ही सगळे मोठी माय म्हणतो. म्हणून माझं उत्तर सरळ आहे. न्या. पण पहिल्याच वर्षी महिनाभर नको, दहा-बारा दिवस पुरे. आणि तिथे गेल्यावर घड्याळ गावाचं चालवा, शहराचं नको.

गावाचं घड्याळ म्हणजे काय, तर खानदेशात मे महिन्यात दिवसाचे दोनच तुकडे वापरायचे असतात. पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर. मधला वेळ घरात. आपण शहरातून जातो तेव्हा आठला उठतो, साडेदहापर्यंत चहा-आंघोळी आणि मग अकराला म्हणतो, चला, शेत दाखवू पोराला. तोवर पायाखालची माती भाजायला लागलेली असते. लेकीला मी तिथे पाचला उठवते. उठवावं लागतच नाही, रात्री गच्चीवर झोपलेलं मूल उजाडलं की आपोआप उठतं. मग नानांबरोबर गोठा, म्हशीची धार, शेताची चक्कर, बांधावरच्या कडुनिंबाखाली खेळणं. नऊला घरात, आंघोळ, जेवण. बारा ते चार झोप, गोष्टी, पत्ते, भिंतीवर खडूनं चित्रं. घर जुनं धाब्याचं असेल तर भाग्य समजा. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचं धाबं, त्यामुळे दुपारी आतल्या खोलीत जो गारवा असतो तो स्लॅबच्या घरात कूलर लावूनही येत नाही. स्लॅबचं घर असेल तर दुपारी खालच्या खोलीत राहा, आणि संध्याकाळी गच्चीवर चार बादल्या पाणी मारल्याशिवाय अंथरुणं टाकू नका.

हे मला चूक करून कळलं. पहिल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा लग्नसराई होती. जवळच्या नात्यातलं लग्न, दुपारी साडेबाराचा मुहूर्त, वर पत्र्याचा मांडव. लेकीला भरजरी परकर-पोलका घातला होता. तीन तासांत ती गळून गेली. आधी चिडचिड, मग एकदम शांत. माझ्या खांद्यावर डोकं टाकून पडली तेव्हा मला वाटलं, झोपली. मोठ्या वहिनींनी तिच्या ओठांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘सू कधी केली हिनं?’ मला आठवेना. सकाळपासून केलीच नव्हती. तालुक्याच्या गावी दवाखान्यात सलाईन लावावं लागलं, रात्री उशिरा घरी आलो. तो दिवस मी विसरलेले नाही. तेव्हापासून मुहूर्त कुणाचाही असो, दुपारच्या लग्नाला मूल घरी राहतं आणि त्याच्याजवळ मी राहते. पहिल्यांदा लोकांना राग आला. आता सगळे संध्याकाळच्या हळदीला तिला आणायला सांगतात.

वहिनींनी विचारलं तोच प्रश्न तुम्ही दर दोन-तीन तासांनी स्वतःला विचारा. लघवी कमी आणि गडद, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडं, मूल नेहमीपेक्षा सुस्त, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण पुडी एकाच वेळी. थोडी पुडी, थोडं पाणी असा अंदाज करायचा नाही. विरघळवलेलं पाणी २४ तासांनंतर फेकायचं. दुकानात त्याच्या शेजारी ठेवलेली गोड फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. अंग तापून मूल असंबद्ध बोलायला लागलं किंवा हाकेला ओ देईनासं झालं, तर कपडे सैल करून ओल्या कापडानं अंग पुसत-पुसतच १०८ ला फोन करायचा. कांदा जवळ ठेवायला मोठी माय सांगते, मी ठेवतेही, तिचं मन राहतं. पण भरवसा पाण्यावर.

उन्हाइतकीच मला बाकीच्या गोष्टींची काळजी असते, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. पहिली, पत्र्याचा कूलर. त्यात पाणी, बाजूला ओली फरशी, आणि मुलाला जाळीवर हात ठेवून गार हवा घ्यायची हौस. पोहोचल्या दिवशी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, आणि पाणी भरताना पिन काढलेलीच हवी. दुसरी, शेततळं. विहिरीला कठडा असतो, निदान मोठी माणसं तरी विहीर म्हटलं की सावध असतात. शेततळ्याचं प्लास्टिक शेवाळानं इतकं निसरडं होतं की पोहणारा मोठा माणूसही वर चढू शकत नाही. तुमच्या किंवा शेजारच्या शेतात शेततळं असेल, तर मुलाबरोबर एकच माणूस ठरवलेला असू द्या. ‘सगळे आहेत ना’ असं म्हणतो तेव्हाच कुणाचं लक्ष नसतं. तिसरी, फवारणीची औषधं. कपाशीच्या घरात ती कुठल्यातरी कोनाड्यात असतातच, कधीकधी पाण्याच्या जुन्या बाटलीत. सासऱ्यांना आधी फोनवरच सांगा की कुलपात ठेवा. त्यांना वाईट वाटणार नाही, नातवासाठी ते आनंदानं करतील.

आणि विंचू. उन्हाळ्यात रात्री निघतो. चप्पल झटकून घालायची, अंथरूण झटकून टाकायचं, सरपणाच्या ढिगात मुलाला हात घालू द्यायचा नाही. चावलाच तर मंत्र-पाला यात दहा मिनिटंही घालवू नका. लहान मुलाला लाल विंचवाचं विष हृदयापर्यंत भिडतं. प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी त्यावर जीव वाचवते, पण ती डॉक्टरांनी वेळेत द्यायला हवी. सगळ्यात जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे, हे जायच्या आधीच विचारून ठेवा.

आता हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग न्यायचं तरी कशाला? तर बिबड्यांसाठी.

आमच्याकडे आखाजीच्या आगेमागे बिबडी, म्हणजे ज्वारीचे पापड, होतात. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, मग निथळून भरडायची. पहाटे चार वाजता अंगणात चुलीवर मोठं पातेलं चढतं. उकळत्या पाण्यात मीठ, जिरं, तीळ, लसूण-मिरचीचं वाटण, आणि मग ते पीठ वैरत लाकडी दांड्यानं घाटत राहायचं. भाऊ घाटतो, कारण अर्ध्या तासानं कुणाच्याही खांद्यातून कळ येते. तोवर खाटांवर मोठ्या मायची जुनी लुगडी ओली करून अंथरलेली असतात. गरम पिठाचा गोळा घ्यायचा, पाण्याचा हात लावून लुगड्यावर थापायचा, बाहेरच्या बाजूला पातळ करत न्यायचा. गल्लीतल्या चार बायका आलेल्या असतात. पोरं वाट्या घेऊन रांगेत, कारण पातेल्यातला घाटा गरम-गरम, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल टाकून खायचा असतो. माझी लेक चिंचवडला ज्वारीच्या भाकरीला तोंड लावत नाही. तिथे ती दोन वाट्या घाटा खाते. तिसऱ्या वर्षी तिनं पहिलं बिबडं स्वतः थापलं. तिच्या तळहाताएवढं, एका बाजूला फाटलेलं. संध्याकाळी लुगडं उलटं करून मागून पाण्याचा शिपका मारून बिबडी सोडवतात, तेव्हा मोठ्या मायनं ते आधी सोडवलं आणि डब्यात सगळ्यात वर ठेवलं. दिवाळीला आईनं ते तळून कुरिअरनं पाठवलेल्या डब्यात घातलं होतं. चुरा होऊन आलं. लेकीनं तो चुराही खाल्ला.

मोठ्या मायला आता फारसं दिसत नाही. सकाळी लेक तिचं बोट धरून तिला ओट्यावर नेते आणि समोरून कोण चाललंय ते सांगते. ती रंग सांगते, ‘पिवळी साडी, डोक्यावर पाटी’, आणि मोठी माय त्यावरून नाव ओळखते. दुपारी दोघी एकाच वेळी झोपतात, दोघींना एकच मऊ खिचडी लागते, दोघी औषधाला कुरकुर करतात. मी किंवा आई त्यांना जवळ आणायला काहीच करत नाही. पणजीला भरपूर वेळ असतो आणि पणतीलाही, घरात बाकी कुणालाच तो नसतो. परतलं की लेक आठ दिवस अहिराणी बोलते. ‘माले भूक लागनी’ असं ती सोसायटीच्या जिन्यात ओरडली तेव्हा मला रडू आलं होतं. माझ्या तोंडून ती भाषा केव्हाच गेली होती.

तुमच्या दुसऱ्या भीतीबद्दल. आजी-आजोबा मुलाला चहा पाजतील, साखर देतील, काजळ लावतील, मोबाईलही देतील. दहा दिवसांत यानं काही बिघडत नाही. मी तीनच गोष्टींवर हटून बसते. मुलाला पाणी उकळलेलंच, दुपारी बाहेर नाही, आणि पाण्याच्या जवळ एकटं नाही. बाकी सगळं सोडून देते. तीन गोष्टी घरातले मानतात, तेरा सांगितल्या तर एकही मानणार नाहीत.

पण तुम्ही विचारलं नाही ते मला सांगायचंय. चौथ्या वर्षी निघायच्या आदल्या रात्री गच्चीवर आई मला म्हणाली, ‘तुम्ही आलात की घर भरतं. गेलात की मी दोन दिवस उठत नाही.’ आईचं वय तेव्हा ६३. दहा माणसांचा स्वयंपाक, ४४ अंशांत, त्यात पाव्हण्यांना म्हणून खापरावरच्या पुरणपोळ्या, रस, वरण-बट्टी, रोज काहीतरी. मी माहेरी आले म्हणून निवांत, वहिनी घरची म्हणून राबतेय, आणि आई दोघींच्या मध्ये. तिनं तक्रार केली नव्हती, जे होतं तेच सांगितलं. त्यानंतरच्या वर्षापासून सकाळचा स्वयंपाक साडेआठच्या आत उरकतो आणि संध्याकाळी फक्त खिचडी किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी-ठेचा. भांड्यांना त्या पंधरवड्यापुरती बाई लावली, पैसे मी देते. भाऊ आणि माझे मिस्टर पाणी भरतात, अंथरुणं टाकतात, काढतात. तुम्ही तिथे सून म्हणून जाताय, तुम्हाला हे बोलणं माझ्यापेक्षा अवघड. म्हणून तुमच्या मिस्टरांना आधीच बोलायला लावा. त्यांची आई आहे.

मुंबईहून निघणार असाल तर सुरत-भुसावळ मार्गाची रात्रीची गाडी पकडा, शिंदखेड्याला उतरता येतं. दिवसाचा प्रवास नकोच. आखाजी इंग्रजी तारखेनं सरकते, २०२४ मध्ये १० मे रोजी होती, २०२५ मध्ये ३० एप्रिलला, तेव्हा कॅलेंडर बघूनच रजा टाका. निंबाला टांगलेले झोके, गाणाऱ्या माहेरवाशिणी, पितरांसाठी भरलेली घागर आणि तिच्यावर ठेवलेलं खरबूज, हे मुलाला एकदा दिसलं पाहिजे. आमच्याकडे त्या दिवशी पितरांना दाखवल्याशिवाय घरात कुणी आंबा खात नाही, सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या करारावरच्या शेतगड्यांचं, सालही त्याच दिवशी बदलतं. त्यानंतर आठवडाभर राहिलात तर वैशाख शुद्ध एकादशीला अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ असतो आणि बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरते. पाळणे, खेळणी, सगळं संध्याकाळी. गर्दी फार असते, मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. तोरणमाळ वगैरे पुढच्या वर्षी. तिथे हवा थंड आहे, पण घाटात लहान मुलाचे हाल होतात, आणि तुमचे दिवसही थोडे.

तिकीट काढायच्या आधी मात्र आजेसासूबाईंना फोन लावा. बिबड्यांची ज्वारी कोणत्या दिवशी भिजवणार ते विचारा, आणि त्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही तिथे असाल अशी गाडी बघा.