गोरिलालाही मलेरिया होतो का?

प्रश्न: माणसातला मलेरिया गोरिलाकडून आला असं वाचलं, खरंय का? आणि जंगली गोरिलाला मलेरिया आहे हे कळतं कसं, त्याचं रक्त काढायला जाणार कोण?

उत्तर: दुसरा प्रश्न आधी घेते, कारण मला सगळ्यात आवडलेला भाग तोच आहे. रक्त कुणी काढलंच नाही. रक्तासाठी जनावराला बेशुद्ध करावं लागतं आणि आधीच संख्या घटत चाललेल्या प्राण्यांना तो त्रास द्यायचा म्हणजे अन्यायच, म्हणून अभ्यासकांनी विष्ठा गोळा केली. चिंपांझी आणि गोरिला रोज संध्याकाळी झोपायला नवं घरटं करतात, सकाळी ते उठून गेले की आसपास जे पडलेलं असतं त्यातलं थोडंसं डीएनए टिकवणाऱ्या द्रावणाच्या नळीत भरायचं. अमेरिकेतल्या बीट्रिस हान यांच्या टीमकडे असे नमुने भरपूर होते, एचआयव्हीचा पूर्वज विषाणू शोधताना जमवलेले, त्यातच त्यांनी मलेरियाच्या परजीवीचा डीएनए शोधला. अडचण अशी की एकाच प्राण्यात एकाच वेळी दोन-तीन जातींचे परजीवी असतात आणि साध्या पद्धतीने तपासलं तर त्यांच्या जीन्सची सरमिसळ होऊन जगात नसलेलाच परजीवी दिसायला लागतो. म्हणून नमुना इतका पातळ केला की एका नळीत डीएनएचा एकच तुकडा जाईल, आणि मग एकेक तुकडा वाचला. फार चिकाटीचं काम आहे हे.

२०१०मध्ये ते ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. मध्य आफ्रिकेतले जवळपास ३००० नमुने, आणि त्यात सापडलेले जवळजवळ सगळे परजीवी सहा जातींत बसले, तीन चिंपांझीच्या, तीन पश्चिमेकडच्या गोरिलाच्या. पूर्वेकडच्या गोरिलात काहीच सापडलं नाही. गोरिलाच्या तीनपैकी एक जात माणसातल्या फाल्सिपॅरमशी, म्हणजे सगळ्यात जीवघेण्या मलेरियाच्या परजीवीशी, जवळपास तंतोतंत जुळली, तिला आता प्रीफाल्सिपॅरम म्हणतात. गोरिलातल्या परजीवींमध्ये भरपूर विविधता आहे आणि जगभरच्या माणसांतला फाल्सिपॅरम त्या झाडाची एक छोटीशी फांदी आहे, त्यामुळे तो गोरिलातून माणसात आला, तेही बहुधा एकदाच, असं मानतात. म्हणजे तुम्ही वाचलंत ते खरंय. आधी मात्र समज असा होता की माणूस आणि चिंपांझी लाखो वर्षांपूर्वी वेगळे झाले तेव्हाच त्यांचे परजीवीही वेगळे झाले.

प्रश्न: मग आजही त्या जंगलात गेलेल्या माणसाला डासामुळे गोरिलाचा मलेरिया होऊ शकतो?

उत्तर: भीती रास्त आहे, कारण मध्य आफ्रिकेतल्या गॅबनच्या जंगलात एपचे, म्हणजे चिंपांझी-गोरिलासारख्या बिनशेपटीच्या मोठ्या वानरांचे, परजीवी वाहणारे ॲनोफिलीस डास माणसालाही चावतात. पण कॅमेरून आणि गॅबनमध्ये एपच्या शेजारी राहणाऱ्या लोकांचं रक्त तपासलं तर त्या सहांपैकी एपचा एकही परजीवी सापडला नाही. डास चावतो, परजीवी अंगात जातही असेल, पण तांबड्या पेशीत शिरायला जी किल्ली लागते ती प्रत्येक जातीची आपापल्या यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या अंगात ती राहते त्या प्राण्याच्या, कुलपासाठी घडलेली असते. आरएच५ हे प्रोटीन त्यातली एक महत्त्वाची किल्ली, आणि त्याचा जीन प्रीफाल्सिपॅरमच्या पूर्वजाला गोरिलातल्याच दुसऱ्या एका परजीवीकडून मिळाला असं दिसतं, त्यातूनच पुढे माणसाचं कुलूप उघडलं असावं.

व्हायवॅक्स या माणसातल्या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीची गोष्ट वेगळी. एपमधला व्हायवॅक्स असा एकनिष्ठ नाही, तो चिंपांझीतही राहतो आणि गोरिलातही, आणि मध्य आफ्रिकन प्रजासत्ताकाच्या जंगलात काम केलेल्या एका युरोपियन माणसात त्याची लागण सापडलेली आहे. तिथल्या स्थानिक लोकांच्या तांबड्या पेशींवर बहुतेक करून डफी नावाचं प्रोटीन नसतं म्हणून त्यांना व्हायवॅक्स सहसा होत नाही, बाहेरून येणाऱ्याने मात्र मच्छरदाणी आणि गोळ्या यात अजिबात हयगय करू नये.

प्रश्न: हे प्राणी मलेरियाने आजारी पडतात का?

उत्तर: प्रौढ एप बहुतेक धडधाकटच दिसतात. पश्चिम आफ्रिकेतल्या कोत दिव्वार देशाच्या ताई जंगलात पिल्लांमध्ये परजीवीचं प्रमाण मोठ्या चिंपांझींपेक्षा जास्त आढळलं, म्हणजे माणसासारखीच वयाबरोबर प्रतिकारशक्ती येत असावी.

प्रश्न: आणि बोनोबो?

उत्तर: बोनोबो म्हणजे चिंपांझीचा जवळचा भाऊबंद. बरीच वर्षं जंगली बोनोबोत मलेरिया सापडतच नव्हता. मग २०१७मध्ये काँगोतल्या ११ ठिकाणांहून आणलेले १५५६ नमुने तपासले आणि फक्त एकाच भागात, अगदी पूर्वेकडे लोमामी नदीच्या परिसरात, हे परजीवी मिळाले, तेही भरपूर. बाकी ठिकाणी का नाहीत म्हणून खाणं पाहिलं, ऋतू पाहिला, पोटातले जिवाणूसुद्धा पाहिले, कशानेच उलगडा झाला नाही. तिथे एक नवी जात मिळाली, तिला नदीवरून लोमामिएन्सिस नाव सुचवलंय. आणि सोबत गॅबोनी, जी तोवर फक्त चिंपांझीत माहीत होती. चिंपांझी तर काँगो नदीच्या पलीकडच्या काठावर राहतात आणि दोघांनाही पोहता येत नाही, मग ही जात दोघांतही कशी, हा प्रश्न उरतोच.