शंका-समाधान : सशावरचा विषाणू आणि आपला हरभरा

प्रश्न : ऑस्ट्रेलियात विषाणू सोडून कोट्यवधी ससे मारले असे वाचले. आमच्या हरभऱ्याचे शेंडे ससे रात्रीत फस्त करतात. तो विषाणू इकडे मिळेल का? (एक शेतकरी, सासवड)

उत्तर : नाही, आणि मिळाला तरी तुमच्या कामाचा नाही. तिकडचा ससा युरोपीय, बिळांचे जाळे करून टोळीने राहणारा. १८५९ मध्ये व्हिक्टोरियातल्या एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी दोन डझन सोडले, तिथून ही पीडा वाढली. तुमच्या रानातला ससा वेगळ्या जातीचा. तो बीळ करत नाही, गवतात बसकण करून एकटा राहतो. आपल्याकडचे पाळीव पांढरे ससे मात्र त्या युरोपीय जातीचेच, म्हणजे असला विषाणू आला तर आधी ससेपालक बुडतील. शिवाय रानसशाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. फास लावू नका.

आधी खाणारा ससाच आहे का, ते बघा. सशाने तोडलेला देठ ब्लेडने तिरका कापल्यासारखा दिसतो. हरणाला पुढचे वरचे दात नसतात, ते ओरबाडते. देठाचे टोक चिरफाळलेले राहते. ससा असेल तर कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात ती षटकोनी जाळी लावा. भोक सव्वा इंचाच्या आत, उभी उंची तीन फूट. खालची आणखी अर्धा फूट जाळी बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवी दुमडून तिच्यावर दगड ठेवा, नाहीतर फटीतून वाट होते. जुन्या साड्यांच्या कुंपणाखालून ससा सहज निसटतो.

प्रश्न : इतका मारक विषाणू पुढे सौम्य का पडला? ससे बदलले की विषाणू? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : दोन्ही. ऑस्ट्रेलियात सशांवर सोडलेला हा विषाणू, मिक्सोमा, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिथल्या रानसशाच्या कातडीवर त्याने एखादी गाठ येते, एवढेच. १९५० च्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या खोऱ्यात पसरला, तेव्हा लागण झालेल्या शंभरातले नव्व्याण्णवहून अधिक ससे मरत. पण हा विषाणू डासाच्या अंगात वाढत नाही. सशाच्या सुजलेल्या कातडीत खुपसलेल्या सोंडेला तो चिकटतो आणि पुढच्या सशाला टोचला जातो. ससा दहा-बारा दिवसांत मेला की डासांना मिळणारे दिवसही संपले. तीन आठवडे रेंगाळत मारणारा वाण त्याहून कितीतरी जास्त डासांच्या सोंडेला लागतो, म्हणून काही वर्षांतच तोच वरचढ झाला. ऑस्ट्रेलियन विषाणुतज्ज्ञ फ्रँक फेनर यांनी विषाणूच्या ताकदीच्या पाच श्रेणी पाडल्या. रानात बोकाळली ती तिसरी, ७० ते ९५ टक्के मारणारी.

इकडे वाचलेल्या सशांची पिल्ले काटक निघाली. ऑस्ट्रेलियातल्या उराना तलावाकाठच्या सशांवर सात साथी गेल्या, तेवढ्यात त्याच ताकदीच्या वाणाने मरणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांवरून २५ च्या आसपास आले.

सशांसाठी आणलेला पुढचा विषाणू, कॅलिसिविषाणू, १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॉर्डांग बेटावरच्या चाचणीतूनच निसटला. त्याची अडचण निराळी : काही आठवड्यांच्या पिल्लांना लागण होते, पण ती मरत नाहीत, उलट त्यांना प्रतिकारशक्ती मिळते. विणीच्या हंगामात हा विषाणू सोडणे म्हणजे सशांना फुकट लस देणे. थंड, ओलसर भागात आधीपासूनच एक निरुपद्रवी कॅलिसिविषाणू फिरत होता, तिथे मुळातच जोर कमी पडला.

प्रश्न : असे विषाणू माणसाला लागतात का? (सदाशिव पेठ)

उत्तर : नाही. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या माइल्डुरा भागात मेंदूज्वर आला आणि लोकांनी संशय सशाच्या विषाणूवर घेतला. तेव्हा फेनर, मॅकफार्लेन बर्नेट आणि इयन क्लुनिस रॉस या तीन शास्त्रज्ञांनी मिक्सोमा स्वतःला टोचून घेतला. तिघांनाही काही झाले नाही. मेंदूज्वर डासांतून येणाऱ्या दुसऱ्याच विषाणूचा होता.

प्रश्न : घाटे अळीसाठी एचएएनपीव्ही (अळीला मारणाऱ्या विषाणूचे औषध) फवारले, दोन दिवसांत एकही अळी मेली नाही. माल बनावट का? (शिरूर)

उत्तर : दोन दिवसांत निकाल लावू नका. हे अंगाला लागून मारणारे औषध नाही. अळीने ते पानासकट खावे लागते. तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात विषाणूचे कवच विरघळते, मग तो वाढतो. लहान अळी मरायला चार ते सात दिवस लागतात. पाव इंचापुढे गेलेली अळी तोवर घाटे पोखरत राहते, म्हणून फवारणी अंडी आणि बारीक अळ्या दिसतानाच हवी.

एकरी २०० मिली, २०० लिटर पाण्यात. १५ लिटरच्या पंपाला १५ मिली. लिटरला साधारण अर्धा ग्रॅम नीळ घाला, कारण अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो. त्याच कारणाने फवारा दिवस कलल्यावर मारा. दुपारी मारला असेल तर दोष बाटलीचा नाही. बोर्डो मिश्रणासारखे चुन्याचे, म्हणजे अल्कधर्मी द्रावण त्याच टाकीत नको, कवच पंपातच विरघळेल. पाते-शेंडे सगळे भिजले पाहिजेत.

आठवड्याने शेंड्यांवर काळपट, मऊ अळ्या उलट्या लोंबताना दिसतील. त्या वेचून टाकू नका. कातडी फुटून खाली पाझरणारा रसच विषाणू पुढच्या अळ्यांपर्यंत नेतो.