सून इंग्लंडची आहे. तिच्या माहेरची वंशावळ शोधायची तर सुरुवात कुठून करावी?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की सूनबाई लँकेशायरमधल्या बोल्टनच्या, पणजोबांच्या पलीकडचं त्यांच्या घरी कुणाला ठाऊक नाही, आणि नातवासाठी दोन्हीकडची वंशावळ तुम्हाला एकत्र करून ठेवायची आहे. माझं सासर त्याच भागातलं. तिकडची मंडळी मीच शोधली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या कुलवृत्तान्तात मूळपुरुषापासून खाली येतात. इथे उलट करा. ज्याचा कागद हातात आहे त्याच्यापासून एकेक पिढी मागे जा, आणि आधीच्या पिढीचा पुरावा मिळाल्याशिवाय त्यामागच्या पिढीला हात घालू नका. त्या भागात एकाच गावात, एकाच वयाचे, एकाच आडनावाचे दोन जेम्स सहज भेटतात. इंटरनेटवरच्या तयार वंशावळींत कुणीतरी त्यातला एक उचललेला असतो आणि बाकीच्यांनी त्याचीच नक्कल केलेली असते. त्या वंशावळी जरूर बघा, पण पुरावा म्हणून धरू नका.

इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव असतं, आणि माझ्या मते त्या कागदावरची ती सर्वांत मोलाची गोष्ट. जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावरच्या जन्मसूचीत हे आडनाव थेट १८३७ पासून दिलेलं आहे. जुन्या छापील सूचीत ते १९११ पासून पुढेच मिळतं. खातं मोफत उघडता येतं, दाखल्याची प्रत मात्र विकत घ्यावी लागते. लग्नांची सूची 'फ्रीबीएमडी'वर फुकट बघता येते. विवाहदाखल्यावर वधू आणि वर दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे असतात. आयांची नावं नसतात, ती २०२१ पासून लिहायला लागले. मृत्यूदाखल्यावर आईवडील नसतात, पण खबर देणाऱ्याचं नाव नीट वाचा. बरेचदा ती लग्न झालेली मुलगी असते, आणि तिचं सासरचं आडनाव तिथे आयतं मिळतं. एक मात्र आहे, १८७५ पूर्वी काही जन्म नोंदवलेच गेले नाहीत. सूचीत मूल सापडलं नाही तर बाप्तिस्म्याची नोंद शोधा.

यासोबत जनगणना हवीच. १८४१ची कच्ची आहे: पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली, नातं लिहिलेलं नाही. १८५१पासून नातं, वय आणि जन्मगाव मिळतं. १८६१ला असलेलं कुटुंब १८७१ला त्या गावात दिसलं नाही, तर ते गाव सोडून गेलं असण्याची शक्यता धरा. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस बंद झाला, आणि मुंबईचे व्यापारी ज्या काळात कापसावर गबर होत होते त्याच काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कुलपं लागली होती. काही कामगार शेजारच्या यॉर्कशायरला लोकरीच्या गिरण्यांत गेले.

१९११च्या जनगणनेचा अर्ज मात्र अवश्य मिळवा. तो घरच्या माणसाने स्वतः भरलेला असतो, म्हणजे पूर्वजाचं अक्षर बघायला मिळतं. त्यात विवाहित बाईपुढे तीन आकडे आहेत: झालेली मुलं, हयात मुलं, गेलेली मुलं. माझ्या यजमानांच्या पणजीपुढे ९, ५, ४ असं लिहिलंय. गेलेल्या चौघांचं नावही सासरी कुणी ऐकलं नव्हतं. मी जन्मसूचीत वडिलांचं आडनाव, आईचं माहेरचं आडनाव आणि नोंदणीचा जिल्हा घालून शोधलं, आलेली नावं मृत्यूसूचीशी ताडून बघितली, आणि चौघंही सापडली. त्यातल्या एका मुलीचं नाव पुढे जन्मलेल्या बहिणीला दिलं होतं. तेव्हा ही सर्रास चाल होती, म्हणून जन्माची नोंद मिळाली की ते मूल लहानपणी गेलं नव्हतं ना, हे आधी बघा. वंशावळीत ही चार मुलं आता भावंडांच्या रांगेत आहेत. तुम्हीही अशी मुलं वगळू नका.

१८३७च्या मागे सरकारमान्य चर्चच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, नोंदवह्या. त्या ठेवायचा हुकूम १५३८चा आहे, पण सगळ्याच गावांच्या तितक्या जुन्या वह्या टिकलेल्या नाहीत. १५९८पासून दरवर्षी एक प्रत बिशपकडे पाठवायची पद्धत होती; मूळ वही ओलीने गेली असेल तर ती प्रत कामाला येते. १८१३पासून छापील रकाने आले: बाप्तिस्म्यात आईवडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा. पण आईचं नाव नुसतं 'मेरी' किंवा 'ॲन', माहेरचं आडनाव नाही. त्यासाठी त्यांचं लग्न शोधावं लागतं. १७५४पासून विवाहनोंदीत वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या असतात, नाहीतर सहीच्या जागी फुली. साक्षीदार बघायला विसरू नका, भाऊ-बहीण निघण्याची शक्यता असते. १७५२पूर्वीच्या नोंदी वाचताना लक्षात ठेवा की तिथे वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणजे वहीतला जानेवारी १७२० हा आपल्या हिशेबाने जानेवारी १७२१.

या नोंदी 'फॅमिलीसर्च'वर आणि 'लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स'वर मोफत शोधता येतात. दुसरं संकेतस्थळ स्वयंसेवकांनी वह्या वाचून उभं केलंय, आणि बोल्टनसाठी मी आधी तेच उघडेन. मात्र उतरवलेली नोंद मिळाली तरी जमेल तिथे मूळ पानाचं चित्र बघाच.

आणि सूनबाईंच्या आजीकडे कुठल्या चर्चला जायचे, ते आधी विचारून घ्या. घराणं मेथडिस्ट वगैरे, म्हणजे सरकारमान्य चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंट पंथाचं असेल तर १८३७पूर्वीच्या त्यांच्या बऱ्याचशा वह्या सरकारकडे जमा झाल्या आणि आता लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कॅथलिकांनी बहुतेक वह्या दिल्या नाहीत, त्या वेगळ्या शोधाव्या लागतील. लग्नं मात्र १७५४ ते १८३७ या काळात ज्यू आणि क्वेकर (एक छोटा ख्रिस्ती पंथ) सोडून सगळ्यांना सरकारमान्य चर्चमध्येच लावावी लागत, त्यामुळे कोणत्याही पंथाचं घराणं असलं तरी तिथल्या विवाहाच्या वह्या चाळाच.