लसींवर काम करायचंय, पण बारावीला गणित सोडलंय

प्रश्न : मी कराडला टीवायबीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे. पुढे लसींवर काम करायची इच्छा आहे. पण फ्लूची लस दर वर्षी बदलावी लागते हे वर्गात शिकले आणि वाटलं, विषाणू कायम पुढेच राहणार असेल तर या क्षेत्रात जाऊन काय उपयोग? शिवाय बारावीला मी गणित घेतलं नव्हतं. बाबा म्हणतात, सरळ बीएड कर. काय करू?

उत्तर : तुझी पहिली शंका करिअरची कमी आणि विज्ञानाची जास्त आहे, म्हणून आधी तीच घेते. गोवर आणि फ्लू, दोन्ही आरएनए विषाणू, म्हणजे ज्यांची जनुकं डीएनएऐवजी आरएनए या रेणूत असतात. स्वतःची नक्कल काढताना दोघांच्याही हातून चुका होतात आणि त्या तपासणारी यंत्रणा दोघांकडेही नाही. तरी गोवराच्या बहुतेक लसी 1954 साली अमेरिकेत मिळालेल्या एडमन्स्टन विषाणूच्या वंशातल्याच आहेत आणि आजही चालतात. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट एडमन्स्टन-झाग्रेब हा स्ट्रेन (विषाणूचा उपप्रकार) वापरते, तोही त्यातलाच. फ्लूचं मात्र तसं होत नाही. गोवराच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांत मोठे बदल झाले, तर त्याला पेशीत शिरणंच अवघड होतं. फ्लूच्या पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचं टोक मात्र बदल सहज पचवतं, आणि आपल्या अँटिबॉडी (विषाणूला धरणारी शरीराची प्रथिनं) नेमक्या त्या टोकालाच जास्त धरतात. म्हणजे विषाणू किती वेगाने बदलतो यापेक्षा त्याचा कोणता भाग बदल सोसू शकतो, हे लस बनवणाऱ्याने आधी शोधायचं असतं.

फ्लूच्या लसीत कोणते स्ट्रेन घ्यायचे, हे जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी सुचवते. त्यानंतर कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून लस तयार व्हायला साधारण सहा महिने जातात, आणि तेवढ्यात विषाणू पुढे सरकतो. 2014-15 च्या हिवाळ्यात अमेरिकेत एच3एन2 या फ्लूच्या प्रकाराने हेच केलं, लस फारच कमी पडली. तुला वाटणारी निराशा इथूनच येते. पण आजचं बरंचसं काम या सहा महिन्यांभोवतीच चाललंय. कोणी जनुकक्रम वाचून पुढच्या वर्षी कोणती शाखा फोफावेल याचं गणिती भाकीत करतं, कोणी हिमॅग्लुटिनिनच्या कमी बदलणाऱ्या देठाकडे अँटिबॉडी वळवू पाहतं. कोणी लस बनवायचा वेळच कमी करतं. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने कोविडच्या ओमिक्रॉनसाठी तयार केलेल्या एमआरएनए लसीला (यात विषाणू वाढवावा लागत नाही, त्याच्या प्रथिनाची कृतीच पेशींना देतात) 2023 मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली, ती याच वाटेवरची.

एचआयव्ही सगळ्यांत अवघड. एकाच रुग्णाच्या शरीरात त्याची असंख्य रूपं असतात आणि अजून त्यावर लस नाही. पण 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत लस घेतलेल्या 36 पैकी 35 जणांच्या शरीरात हव्या त्या दुर्मिळ बी-पेशी, म्हणजे पुढे एचआयव्हीच्या अनेक रूपांना धरणाऱ्या अँटिबॉडी बनवू शकतील अशा पेशी, जाग्या झाल्या. या पेशींना टप्प्याटप्प्याने, वेगवेगळ्या डोसांतून घडवत न्यायचं, अशी ती कल्पना आहे. हे संरक्षण नव्हे, पहिली पायरी आहे. तरीही ते वाचताना मला फार आनंद झाला होता, कारण विषाणूच्या मागे धावण्याऐवजी आपल्या प्रतिकारशक्तीलाच शिकवायचा तो प्रयत्न आहे.

आता गणित. ते टाळता येणार नाही. जॅम (आयआयटी वगैरेंतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) हिच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात आणि गॅट-बी या बायोटेक्नॉलॉजीच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत बारावीच्या पातळीचं गणित असतंच, आणि वर सांगितलेलं भाकितांचं काम तर संख्याशास्त्रावरच उभं आहे. पण घाबरू नकोस. अकरावी-बारावीची पुस्तकं आणून लॉगरिदम, संभाव्यता आणि कॅल्क्युलसची तोंडओळख एवढं आधी पक्कं कर. मग आर किंवा पायथन यांपैकी एक प्रोग्रॅमिंगची भाषा शिक. सीएसआयआर-नेट या संशोधन फेलोशिपच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमातला उत्क्रांतीचा भाग मायक्रोबायोलॉजीची मुलं अनेकदा सोडून देतात. तू तोच मन लावून वाच.

पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा एमएस्सी व्हायरॉलॉजीचा अभ्यासक्रम आहे. जागा मोजक्या असतात, म्हणून बायोटेक्नॉलॉजी आणि बायोइन्फर्मेटिक्सचेही अर्ज भर.

बाबांचं म्हणणं चुकीचं नाही. संशोधनात पीएचडी धरून सात-आठ वर्षं जातात आणि फेलोशिप कधीकधी उशिरा हातात पडते, हे त्यांना स्पष्ट सांग. एमएस्सीनंतर लस कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकऱ्या असतात आणि बीएडही तेव्हा करता येतं, हेही सांग.

आणि अर्ज भरण्याआधी एक कर. एनसीबीआय या अमेरिकी जनुक-माहितीसंस्थेच्या संकेतस्थळावरून वेगवेगळ्या वर्षांचे एच3एन2 चे पन्नासेक हिमॅग्लुटिनिन जनुकक्रम मोफत उतरवून घे आणि मेगा या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची वंशावळ काढ. बदल कुठे साचलेत ते पाहताना जेवायची वेळ टळून गेली, तर मला कळव. मार्गदर्शक कसा निवडायचा यावर आपण सविस्तर बोलू.