कॅटनमध्ये फाशांना शिव्या घालण्याआधी

काल कॅटन या पटावरच्या खेळात हरल्यावर म्हणालास, फासेच फिरले. फिरलेही असतील. वीस फेकांत एकदाही आठ न पडण्याची शक्यता साधारण 5 टक्के. नेहमी खेळणाऱ्याच्या वाट्याला ते येतंच.

पण तुझी पहिली वस्ती आठव. ती षटकोनी चौकटींच्या कोपऱ्यावर बसते, नि त्यांतल्या एखाद्या चौकटीचा आकडा पडला की पत्ता मिळतो. आकड्यांच्या चकत्यांवर ठिपके असतात, ते मोजत जा. दोन फाशांच्या 36 जोड्यांपैकी किती जोड्यांत तो आकडा येतो, ते त्यावरून कळतं: सहा नि आठला पाच-पाच, दोन नि बाराला एकेक. तू 3, 4, 10 च्या कोपऱ्यावर बसलास, म्हणजे आठ ठिपके. 5, 6, 9 चा तेरा ठिपक्यांचा कोपरा मोकळा होता, पण तुला पत्ते स्वस्तात बदलून देणारं बंदर हवं होतं. (हा मोह मलाही दोन वर्षं सुटला नव्हता.)

आणि सात? तो तर सगळ्यांत जास्त पडणार, 36 पैकी 6. तो पडला की सातपेक्षा जास्त पत्ते असलेल्याला निम्मे टाकावे लागतात, अर्धा पत्ता सोडून. तू नऊ पत्ते धरून बसलास, चार गेले. हातात लाकूड-वीट होती ना? आपल्या पाळीत रस्ता बांधला असतास तर सातच उरले असते, नि सात पत्त्यांतला एकही टाकावा लागत नाही.