पीपीएफ (सरकारची 15 वर्षांची बचत योजना) खातं 15 वर्षांनंतर आपोआप चालू राहतं का?

राहतं. आणि या 'राहतं'नेच माझे पस्तीसेक हजार खाल्ले.

शिकवण्यांच्या पैशांतून मी 2001-02 मध्ये खातं उघडलं. मुदत 31 मार्च 2017 ला भरली, कारण 15 वर्षं उघडल्याच्या तारखेपासून नाही, ते आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजतात. पुढे पाच वर्षं वाढवायचं होतं. बँकेत निघाले तर थोरले दीर म्हणाले, "अगं, फॉर्मबिर्म काही लागत नाही. आपोआप चालू राहतं, तू भरत जा." आमच्याकडे पैशाच्या बाबतीत भाऊजींचा शब्द शेवटचा. एप्रिल 2017 ला दीड लाख भरले, एप्रिल 2018 ला दीड लाख. दोन्हीदा स्लिपवर शिक्का बसला, कुणी हूं की चूं केलं नाही. 2019 मध्ये थोडे पैसे काढायला गेले, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने पासबुक मागेपुढे चाळलं. "काकू, फॉर्म एच कुठाय?"

तो मुदतवाढीचा फॉर्म, मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत द्यायचा असतो. नाही दिला तर जुन्या शिलकेवर व्याज चालू राहतं, पण नवा भरणा चालत नाही. माझे तीन लाख बिनव्याजी परत आले. पासबुकात जमा दिसणारं त्यांच्यावरचं व्याजही कापून घेतलं. भाऊजी अजून दर दिवाळीला म्हणतात, "बुडालं कुठे, व्याज तर मिळालंच की!" जुन्या रकमेवर, भाऊजी. नव्यावर छदामही नाही.

तेव्हा भरत राहायचं असेल तर फॉर्म द्या (आता त्याला फॉर्म 4 म्हणतात) आणि शिक्क्याची पोच घ्या. भरायचं ते 5 तारखेच्या आत, कारण 5 तारीख ते महिनाअखेर यातल्या सर्वांत कमी शिलकेवर व्याज धरतात. एकरकमी भरणार असाल तर 5 एप्रिलच्या आत. आणि घरातल्या जाणकारांना विचारू नका.

हां, नव्या करप्रणालीत 80सीची, म्हणजे अशा बचतीवरची करवजावट नाही. व्याज मात्र दोन्हीकडे करमुक्त. व्याजदर एप्रिल 2020 पासून 7.1 टक्क्यांवरच अडकलाय. आणि नवं खातं उघडणार असाल तर लवकर लागणारा पैसा त्यात घालू नका, सातव्या आर्थिक वर्षाआधी काढता येत नाही.

भाऊजींच्या स्वतःच्या खात्याची मुदत येत्या मार्चमध्ये भरतेय. परवा फोन आला होता, "त्या फॉर्मचं नाव काय म्हणालीस?"